येणाऱ्या स्पोर्ट्स कार, त्यांच्या किमती आणि तारखा: पार्क चौकातले नेहमीचे प्रश्न

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. धंदा टॉवेलचा, सोलापुरात अक्कलकोट रोडला. गाड्यांशी संबंध म्हणाल तर एक जुनी पोलो जीटी आणि वीसेक वर्षांचं वेड, बास. पण रविवारी सकाळी पार्क चौकात चहाला उभं राहिलं की कोणतरी मोबाईल पुढं करतं, "मालक, ही कधी येणारे, कितीला पडंल?" तेच तेच प्रश्न दर आठवड्याला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी नुसतं हेच पाठवीन आणि चहा गरम असतानाच पिईन.

गाडी "लॉन्च झाली" असं वाचलं, मग ती मिळते का?

नाही ओ. इथंच निम्मे लोक फसतात. चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि बातमी देणारे चारीला लॉन्चच म्हणतात. पहिली म्हणजे गाडी दाखवली, पडदा काढला, फोटो आले. दुसरी म्हणजे किंमत सांगितली. तिसरी बुकिंग उघडलं आणि चौथी गाडी खरोखर कुणाच्यातरी दारात आली. या चारात कधी चार महिने जातात कधी चार वर्षं. लंबोर्गिनी टेमेरारिओ घ्या, ऑगस्ट २०२४ ला अमेरिकेत मॉन्टेरेला दाखवली आणि भारतात ३० एप्रिल २०२५ ला ६ कोटी एक्स-शोरूम (रोड टॅक्स, विमा सोडून) किंमत लावली, म्हणजे आठ महिन्यांत. या लाइनीत हे लई फास्ट झालं म्हणायचं.

आणि कधी कधी क्रम उलटाही होतो. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचं बघा ना, ऑक्टोबर २०२५ मध्ये बुकिंग आधी उघडलं, किंमत नंतर सांगितली (४९.९९ लाख), आणि किंमत कळायच्या आधीच शंभरच्या शंभर गाड्या गेल्या. किंमत माहीत नसताना लोकांनी पैसे भरले! आम्ही चौकात अजून ५२ का ५५ यावर भांडत होतो तोवर खेळ खल्लास.

ही "एक्सपेक्टेड प्राइस" येते कुठून?

बहुतेक वेळा कुणीतरी कॅल्क्युलेटरवर गुणाकार केलेला असतो. परदेशातली किंमत घ्यायची, डॉलरचा भाव लावायचा आणि अंदाजानं काहीतरी वाढवायचं. एकानं लिहिलं की दुसरा त्याच्यावरनं लिहितो, तिसऱ्यानं दोघांची सरासरी काढली की ती "सूत्रांकडून समजलेली" किंमत होते. काही ठिकाणी तर नुसता डॉलर गुणिले रुपया करून सोडून देतात, ते वाचून पोरगं घरी वडलांना सांगतं की शेवरलेची कॉर्व्हेट दीड कोटीला मिळती. मिळती म्हणे.

मग खरा हिशेब कसा करायचा? सोप्या भाषेत सांगा.

हे नीट वाचा, कारण एकदा हे जमलं की तुम्हाला कुणाच्या अंदाजाची गरज नाही.

पूर्ण तयार गाडी बाहेरून आणली, म्हणजे सीबीयू, आणि तिची किंमत ४० हजार डॉलरच्या वर असली तर कस्टमचं ओझं सगळं मिळून ११० टक्के. २०२५ च्या बजेटमध्ये मूळ ड्युटी ७० टक्क्यांवर आणली म्हणून लोकांनी पेढे वाटले, पण त्यावर ४० टक्के कृषी सेस बसवला, म्हणजे सत्तर आणि चाळीस परत एकशेदहाच. एका खिशातून काढून दुसऱ्यात. मग या ड्युटीसकट जी रक्कम होते त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना सरळ ४० टक्के आणि जीएसटीवरचा सेस बंद, त्याआधी २८ टक्के अधिक सेस धरून मोठ्या एसयूव्हीला ५० पर्यंत जायचं.

आता गुणाकार करा. शंभर रुपयाची गाडी ड्युटी लागून २१० झाली, २१० वर ४० टक्के म्हणजे २९४. म्हणजे जवळजवळ तिप्पट. आमच्यात याला "तिपटीचा हिशेब" म्हणतात.

उदाहरण म्हणून कॉर्व्हेट झेडआर१. १,०६४ हॉर्सपॉवर, २०२५ च्या मॉडेलची अमेरिकेत सुरुवात १,७४,९९५ डॉलरपासून होती. डॉलर ९० धरला तर १ कोटी ५७ लाखाच्या आसपास. ड्युटी लावून ३ कोटी ३० लाख, जीएसटी लावून ४ कोटी ६० लाखाच्या वर. हे झालं एक्स-शोरूम, आणि तेही गाडी इथं विकली तर. शेवरलेनं भारतात गाड्या विकणं २०१७ च्या शेवटीच बंद केलंय हे विसरू नका, त्यामुळं हा हिशेब नुसता समजून घ्यायला.

हिशेब खरा ठरतो का म्हणून मी जुन्या गाडीवर तपासून बघितला. निसान जीटी-आर डिसेंबर २०१६ ला भारतात आली १ कोटी ९९ लाखाला. तेव्हा तिची अमेरिकेतली किंमत १,०९,९९० डॉलर आणि डॉलर ६८ च्या जवळपास, म्हणजे पाऊण कोटीला थोडे कमी. भागाकार केला तर २.७ पट येते. टॅक्सची रचना वेगळी होती तेव्हा, तरी आकडा फार लांब नाही.

पण फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय तर ५३ लाखाला आली, ती तिप्पट कुठं झाली?

चांगला प्रश्न, हा आमच्यातल्या एका सीए मित्रानं विचारला आणि मला दोन दिवस लागले उत्तर द्यायला. तिथल्या शोरूमच्या किमतीत तिथला टॅक्स असतो (जर्मनीत १९ टक्के व्हॅट), तिथल्या डीलरचं कमिशन असतं. आपली कस्टम त्याच्यावर लागत नाही, ती लागते गाडी आपल्या बंदरात उतरताना बिलावर जी किंमत, भाडं आणि विमा असतो त्यावर. कंपनी स्वतःच्याच भारतातल्या कंपनीला गाडी देते तेव्हा हे बिल शोरूमच्या किमतीपेक्षा बरंच खाली असतं. आणि ते ४० हजार डॉलरच्या आत बसलं तर ड्युटीचा टप्पाच बदलतो, ११० च्या जागी ७० टक्के.

म्हणून नियम असा धरा, की तिपटीचा हिशेब ही वरची हद्द. अमेरिकेची किंमत टॅक्सशिवाय सांगतात म्हणून तिला तो जवळपास लागू पडतो, युरोपची घेतली तर आधी तिथला व्हॅट काढा आणि मगच सुरू करा. हे न करता युरोला तिनानं गुणणारे लई बघितलेत मी.

एमएच १३, म्हणजे सोलापूर पासिंगला ऑन-रोड किती वाढतात?

महाराष्ट्रात २० लाखाच्या वरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के, पण इम्पोर्टेड असली किंवा कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. म्हणजे ५३ लाखाच्या गोल्फला साडेदहा लाख नुसता रोड टॅक्स. बायकोला सांगताना एक्स-शोरूम सांगायची आणि ऑन-रोड बँकेला, असं आमचे एक अण्णा म्हणतात, त्यांचं पुढं काय झालं ते विचारू नका.

टेमेरारिओसारख्या ६ कोटीच्या गाडीला टक्केवारीनं गेलं तर आकडा कोटीच्या पुढं जातो, पण कमाल मर्यादा आहे. आधी २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख केली. शिवाय गाडीच्या किमतीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणारा आपल्याकडनं आगाऊ घेतो तो कर (१० लाखाच्या वरच्या सगळ्या गाड्यांना, आणि तो इन्कम टॅक्समध्ये वळता होतो म्हणून रडू नका) आणि विमा. विम्याचा अंदाज मी सांगत नाही, प्रत्येक कंपनी वेगळं सांगते.

युरोपशी करार झाला ना? मग थांबू का, स्वस्त होतील?

जानेवारी २०२६ मध्ये भारत आणि युरोपियन युनियनच्या वाटाघाटी संपल्याची घोषणा झाली, ते खरंय. गाड्यांवरची ड्युटी ११० वरून टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांपर्यंत आणायची, तीही वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या कोट्यात. ब्रिटनबरोबरचा करार त्याच्या आधी, २४ जुलै २०२५ ला सही झाली, त्यातही तसंच, टप्पे आणि कोटा.

कागदावर बघितलं तर फरक प्रचंड. ड्युटी १० टक्के झाली तर आपला तिपटीचा हिशेब दीडपटीवर येतो, १.१ गुणिले १.४ म्हणजे १.५४. पण घोषणा, सही, दोन्हीकडची मंजुरी, मग अंमल, मग टप्पे. इथंही लॉन्चसारखंच आहे, चार तारखा वेगवेगळ्या. आणि ड्युटी कमी झाली म्हणजे कंपनी सगळा फायदा आपल्याला देईल असं कुठं लिहिलंय? ज्या गाडीच्या वर्षाला पाच-पन्नासच येतात आणि रांग लागलेली असते तिची किंमत कमी करायला कंपनीला काय कुत्रं चावलंय का. माझं मत, गोल्फ, ऑक्टाव्हियाच्या वर्गातल्या गाड्यांना याचा खरा उपयोग होईल, फेरारीवाल्याला झाला काय न झाला काय.

आणि हो, करार युरोपात बनलेल्या गाडीला. जपानची गाडी त्यात येत नाही, अमेरिकेची पण नाही.

टेस्ला रोडस्टर कधी येणार?

हसू नका, दर महिन्याला कोणतरी विचारतंच. नोव्हेंबर २०१७ ला दाखवली. ० ते ६० मैल १.९ सेकंदात, एका चार्जला ६२० मैल, सुरुवातीची किंमत २ लाख डॉलर, पहिल्या हजार फाउंडर्स गाड्या अडीच लाख डॉलरला, आणि गाडी २०२० ला देऊ म्हणाले. लोकांनी ५० हजार डॉलर भरून नाव लावलं. त्यानंतर तारीख इतक्यांदा पुढं गेली की आमच्या चौकात उधारीवाल्याला आता "रोडस्टर" म्हणतात. पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला की समजायचं, रोडस्टर आहे.

२०१७ ची किंमत धरून भारताचा अंदाज काढणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे, तेव्हा डॉलर ६५ होता, आज कितीला आहे? म्हणजे कंपनीनं एक पैसा वाढवला नाही तरी आपल्याला गाडी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त महागली. याकडं कुणाचं लक्षच नसतं.

एवढ्या मोठ्या कंपन्या तारखा चुकवतातच कशा?

सगळ्या काही थापा मारत नाहीत, कधी कधी खरंच अडकतं. मर्सिडीज-एएमजी वनची गोष्ट मला लई आवडते. फॉर्म्युला वनचं १.६ लिटरचं इंजिन रस्त्यावरच्या गाडीत घालायचं म्हणून २०१७ ला दाखवली, २७५ गाड्या, किंमत २२ लाख ७५ हजार युरो अधिक टॅक्स. आता रेसचं इंजिन नुसतं उभं राहिलं तरी ५,००० आरपीएमवर फिरतं. सिग्नलला उभं राहून असं चालत नाही, तो आयडल (उभ्या गाडीत इंजिन फिरायचा वेग) १,२०० पर्यंत खाली आणायचा आणि धुराच्या नियमात बसवायचा होता. खाली आणलं की इंजिन नीट चालेना, चालेल असं केलं की धूर नियमात बसेना. गाड्या लोकांच्या हातात पडायला २०२३ उजाडलं.

ॲस्टन मार्टिन वल्हाला अजून एक. २०१९ ला दाखवली तेव्हा स्वतःचं व्ही६ इंजिन बनवू म्हणाले, मग ते सोडून एएमजीचं व्ही८ घेतलं, सगळी गाडी परत आखायला लागली, बनायला सुरुवात झाली २०२५ ला. म्हणून मी नेहमी बघतो, इंजिन नवीन आहे का जुनंच आहे? कंपनीकडं तयार इंजिन असलं तर तारखेवर थोडा विश्वास ठेवा. इंजिन, बॅटरी, सगळंच पहिल्यांदा करणार असतील तर दोन वर्षं आपल्या मनानं वाढवून धरा.

निसान जीटी-आर परत येणार म्हणतात?

शेवटची जीटी-आर, म्हणजे आर३५, ऑगस्ट २०२५ ला बंद झाली, २००७ पासून अठरा वर्षं चालली. २०२३ च्या टोकियो शोला हायपर फोर्स नावाची कॉन्सेप्ट (नुसती दाखवायला केलेली गाडी) दाखवली, १,००० किलोवॅट, सॉलिड-स्टेट बॅटरी वगैरे. जीटी-आर हे नाव परत आणू असं कंपनी म्हणते. कॉन्सेप्टवरून किंमत काढणं म्हणजे बाशिंगावरून नवऱ्याचा पगार ओळखणं. सोडा.

टोयोटा जीआर जीटी?

ही मात्र लक्ष ठेवण्यासारखी. डिसेंबर २०२५ ला दाखवली, ४ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही८ आणि हायब्रिड, ६५० पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) वर जायचं लक्ष्य, २०२७ च्या आसपास विक्रीला आणायचा इरादा. किंमत नाही सांगितली, त्यामुळं जे आकडे फिरताहेत ते सगळे चौकातले. जपानची गाडी म्हणजे स्टिअरिंग आपल्या बाजूला मिळायला अडचण नाही एवढी एक जमेची बाजू. शिवाय २०१८ च्या नियमानं कंपनीला वर्षाला २,५०० गाड्या इथली पूर्ण टेस्टिंग न करता आणता येतात, गोल्फ जीटीआय त्याच वाटेनं आली. त्यामुळं अशक्य नाही, पण मी बुकिंगला धावत नाही. टोयोटानंच याआधी लेक्सस एलएफए केली होती, फक्त ५०० बनवल्या आणि विषय बंद केला.

पैसे असले तर फेरारी एफ८० मिळेल का?

नाही. ७९९ गाड्या, ३६ लाख युरोच्या घरात, आणि दाखवायच्या आधीच सगळ्यांची नावं ठरलेली. मॅक्लारेन डब्ल्यू१ च्या ३९९ तशाच. तिथं गिऱ्हाईक गाडी निवडत नाही, कंपनी गिऱ्हाईक निवडते. लग्नाच्या स्थळासारखं.

स्पाय फोटो (चोरून काढलेले), "एआरएआयला (गाड्या तपासणाऱ्या पुण्याच्या संस्थेला) दिसली", यावर किती विश्वास ठेवायचा?

फोटोवर ठेवा, खालच्या मजकुरावर नको. गाडी पुण्यात टेस्टिंगच्या नळ्या लावून फिरताना दिसली म्हणजे ती इथं विकणारच असं नाही, कधी नुसता पार्टस् तपासायला आणतात. मी तीन गोष्टी बघतो: स्टिअरिंग उजवीकडं आहे का, कंपनीच्या इथल्या वेबसाईटवर गाडीचं नाव चढलंय का, आणि डीलर मेकॅनिकला ट्रेनिंगला पाठवतोय का. तिसरी गोष्ट सगळ्यात खरी, कारण तिला पैसे लागतात. ती कळायला सर्व्हिसवाल्यांशी ओळख पाहिजे आणि चहा पाजायची तयारी.

डीलर म्हणतोय टोकन भरा, पहिली बॅच येतीय. भरू का?

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, नाव नाही घेत कुणाचं. २०१९ ला दुसऱ्या शहरातल्या एका एजंटनं एक ओपन टू-सीटर "पुढच्या महिन्याच्या शिपमेंटला" आणून देतो म्हणून ५१ हजार घेतले. पावतीवर "ॲडव्हान्स" एवढंच लिहिलेलं, परत मिळणार का नाही, कधीपर्यंत, काहीच नाही. पुढचा महिना आला, मग बंदरात अडकली, मग कागद अडकले, मग फोन अडकला. शेवटी तीन हप्त्यांत पैसे परत आले, सव्वा वर्षानं, तेही माझ्या मेव्हण्यानं तिथं जाऊन दोन दिवस त्याच्या ऑफिसात बसून काढले म्हणून. मेव्हणा अजून दर दिवाळीला आठवण काढतो.

तेव्हापासून, कंपनीच्या अधिकृत खात्यावर पैसे जाणार असतील, परतीची अट लेखी असेल आणि मॉडेलचं पूर्ण नाव पावतीवर असेल तर भरा. एजंटच्या जीपेला नको.

इलेक्ट्रिक घेतली तर हिशेब बदलतो का?

बदलतो की! इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्केच. ड्युटी ११० धरली तरी २.१ गुणिले १.०५, म्हणजे २.२ पट. तिपटीऐवजी सव्वादोनच्या आत. एमजी सायबरस्टर म्हणूनच ७५ लाखाच्या आत बसली (जुलै २०२५, आधी नाव लावलेल्यांना ७२.४९, नंतरच्यांना ७४.९९ लाख). ५१० पीएस, शंभरचा वेग ३.२ सेकंदात, दरवाजे वर उघडणारे. एवढ्या पैशात एवढी पळणारी पेट्रोल गाडी दाखवा, मी टॉवेलची गाठ फुकट देतो. आवाज नाही ही तक्रार मान्य.

सोलापुरात अशी गाडी चालवायची कुठं?

विजापूर रोडला नाही एवढं नक्की. पुणे हायवे सरळ आहे, चौपदरी आहे, पण मर्यादा १०० ची. टेमेरारिओ तिथवर २.७ सेकंदात जाते, पुढं टेंभुर्णीपर्यंत काय करायचं? स्पीड ब्रेकरसाठी पुढचा भाग वर उचलायचा लिफ्टर मिळतो, तो ऑप्शन असला तर डोळे झाकून घ्या. गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास तर लिफ्टरचाही उपयोग नाही, गाडी घरीच ठेवा.

पेट्रोलचं विचारतात. ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) ९५ ऑक्टेन असतं, तेवढं बऱ्याच गाड्यांना चालतं, प्रश्न इथेनॉलचा. साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात इतके, इथेनॉलला नावं ठेवायची तर घरातच भांडण. टाकीच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावर किती टक्के चालतं ते लिहिलेलं असतं, ते बघा आणि मग टाका. काही पडलं झडलं तर पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर फ्लॅटबेडवर न्यायला लागंल, तो खर्च कुठल्याच "एक्सपेक्टेड प्राइस"मध्ये नसतो.

मालक, तुम्ही स्वतः काय घेणार?

गोल्फ. भारतात आलेल्या पहिल्या १५० मध्ये नंबर लावायचा राहिला, सुताचे पैसे अडकले होते. पुढची बॅच आली आणि पार्टीनं पेमेंट केलं तर. पार्टी सध्या रोडस्टर आहे.